‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

परवा ऑफिसात जाता जाता कोपऱ्यात एक डेस्कटॉप दिसला. कॅबिनेटचं झाकण काढलेलं, आत सगळं जागच्या जागी, आणि वर चिकटवलेला कागद : ‘स्क्रॅप’. सपोर्टच्या पोराला विचारलं, काय झालं रे याला? तो म्हणाला, "बोर्ड गेला." कशावरून? "ऑनच होत नव्हता ना." बस्स! निदान, पंचनामा आणि अंत्यविधी, पाच मिनिटांत सगळं आटपलेलं. मी कॉफी घेऊन जागेवर आलो खरा, पण ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. कारण हेच दोन शब्द मी जुलै २०२४ मध्ये मानोऱ्याला ऐकले होते, आणि तेव्हा ज्याच्याबद्दल ते उच्चारले गेले तो बोर्ड आजही ठणठणीत चालू आहे.

ज्यांना मानोरा ठाऊक नाही (म्हणजे पुण्यातले जवळपास सगळेच) त्यांच्यासाठी : वाशिम जिल्ह्यातला तालुका. पोहरादेवीचं नाव ऐकलं असेल, ते आमच्याच तालुक्यात. वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला १ जुलै १९९८ ला, त्यामुळे जिल्हा आणि मी साधारण एकाच वयाचे. दोघांचाही विकास अजून चालू आहे. :)

तर तिथे माझ्या चुलतभावाचं, दादाचं, सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, परीक्षांचे फॉर्म, आणि जुलै महिन्यात पीकविमा. २०२३ आणि २०२४ च्या खरिपात विमा शेतकऱ्याला १ रुपयात होता आणि केंद्राला कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळायचे. २०२४ ची मुदत १५ जुलै होती. ती पुढे ३१ पर्यंत वाढली, पण हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत? मी १३ तारखेला, शनिवारी सकाळी ट्रॅव्हल्समधून उतरलो तेव्हा केंद्रासमोर तीस-चाळीस माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आधार आणि पासबुक. आत दादा डोक्याला हात लावून बसलेला.

"बोर्ड गेला म्हणते तो. चौदा हजार लागतीन," दादा म्हणाला. "तू इंजिनेर आहे ना? पाह्य ना मंग."

इथे माझी पंचाईत झाली. कारण मी इंजिनिअर आहे हे खरं, पण कसला? कॉलेजात ८०८६ च्या चाळीस पिना पाठ केल्या, प्रत्येकीचं काम पेपरात लिहिलं, मार्कही मिळवले. पण चार वर्षांत एकदाही स्क्रू ड्रायव्हर घेऊन कॅबिनेट उघडायची वेळ आली नव्हती. नोकरी लागल्यावर तर काय, सर्व्हर अमेरिकेत कुठेतरी असतो, तो बिघडला की मी एक कमांड देतो आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. हार्डवेअर म्हणजे माझ्यासाठी महिन्याच्या बिलातली एक ओळ.

लक्षणं दादाने नीट सांगितली. आठवडाभर रोज सकाळी मशिनची तारीख मागे जायची, २०१२ दाखवायची. तारीख चुकली की विम्याची साइट उघडत नव्हती, ब्राउझर लाल पान दाखवायचा. दादाला वाटलं, साइट हॅक झाली. मग दिवसातून दोन-तीनदा मशिन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. आणि शुक्रवारी संध्याकाळी पंखे फिरतात पण स्क्रीन काळी. दुसऱ्या गावच्या दुकानदाराला बोलावलं. त्याने बटन दोनदा दाबलं, कॅबिनेटवर टिचकी मारली आणि निकाल दिला.

आता त्या चौदा हजारांचा हिशेब बघा. दादाचा बोर्ड एच६१ चिपसेटचा. इंटेलने हा चिपसेट २०११ च्या सुरुवातीला आणला, त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात आणि रॅम डीडीआर३. बोर्ड बदलून नव्या पिढीचा घ्यायचा तर जुना प्रोसेसर त्यात बसत नाही. प्रोसेसर नवा तर जुनी रॅम चालत नाही. म्हणजे ‘बोर्ड गेला’ याचा अर्थ प्रत्यक्षात ‘सगळंच गेलं’ असा होतो. म्हणून हे दोन शब्द सगळ्यात शेवटी उच्चारायचे असतात. आणि आपण सगळे, त्या दुकानदारापासून आमच्या सपोर्टच्या पोरापर्यंत, ते सगळ्यात आधी उच्चारतो. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी पुढे जे आहे ते मला हे कसं कळलं त्याची गोष्ट.

मी माझ्या परीने प्रयत्न केला. स्क्रीन काळी, त्यामुळे मी डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली आणि विंडोजचे लॉग वाचले. (हसू नका, ज्याला जे येतं तो ते करतो.) त्यात ओळीने ‘कर्नल-पॉवर ४१’. याचा सरळ अर्थ, मशिन नीट बंद न होताच पुन्हा सुरू झालं, आणि अचानक वीज तुटली तरी हेच दिसतं. नावातच ‘पॉवर’ आहे. मी मात्र ड्रायव्हरचा प्रॉब्लेम शोधत बसलो एक तास!

शेवटी दादा गल्लीतल्या टीव्हीवाल्या काकांना घेऊन आला. काका साठीचे. आधी रेडिओ, मग डबा टीव्ही, आता मिक्सर आणि मोटारीचे स्टार्टर. कॉम्प्युटरला त्यांनी क्वचितच हात लावला असेल. त्यांनी कॅबिनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "अर्थिंग कुठी आहे?"

मी म्हणालो, काका, थ्री-पिन आहे की.

काकांनी पिशवीतून बल्ब लावलेलं होल्डर काढलं, त्याला दोन वायरी. एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला : बल्ब लख्ख. मग न्यूट्रलचं टोक काढून अर्थिंगच्या भोकात घातलं : काहीच नाही. बल्बचा जीवसुद्धा हलला नाही. "भोक तीन आहेत, वायरी दोनच," काका म्हणाले. भिंतीतून तिसरी वायर आलीच नव्हती.

दादा तेव्हा सहज बोलून गेला, "म्हणूनच कॅबिनेटले हात लावला का झिणझिण करते." हे तुम्हीही अनुभवलं असेल. एसएमपीएसमध्ये लाइनचा कचरा जमिनीत सोडण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोघांचं मधलं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला. अर्थिंग असेल तर पत्रा शून्यावर राहतो. नसेल तर तो दोघांच्या मधोमध, म्हणजे सव्वाशेच्या खाली, एकशेदहा-पंधरा व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, माणसाला नुसती झिणझिण. पण अशा पत्र्याला जोडलेल्या यूएसबी पोर्टात तुम्ही दुसऱ्या प्लगवरच्या प्रिंटरची केबल खुपसता, तेव्हा तो फरक आधी कुठून वाहतो? पोर्टातून. दादाचे दोन यूएसबी पोर्ट आधीच मेलेले होते. ‘चायना माल’ म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

मग काकांनी कॅबिनेट उघडलं. आतलं दृश्य वर्णन करण्यासारखं नाही, तरी करतो. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची चक्क गोधडी विणलेली. आमच्याकडे ऑक्टोबरात सोयाबीनचं थ्रेशर चालतं तेव्हाची धूळ वेगळीच, हलकी आणि चिकट. कोपऱ्यात एक पाल, वाळून कागद झालेली. रंगाचा ब्रश आणि हवेचा पंप घेऊन अर्धा तास गेला. पंख्याच्या पात्यांना हवा मारताना काकांनी पंखा बोटाने धरून ठेवायला लावला, तो भिरभिरला तर स्वतःच जनित्र होऊन उलटी वीज बोर्डात सोडू शकतो म्हणून. मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

मग एकेक करत सगळं वेगळं केलं. बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला. फक्त प्रोसेसर, पंखा, रॅमची एक पट्टी. बाकी काही नाही, डिस्कसुद्धा नाही. बोर्डावर पैशाएवढा जो सेल असतो, सीआर२०३२, तो मीटरवर लावला : ३ व्होल्टचा सेल १.९ दाखवत होता. तारखेचं कोडं सुटलं. मशिन बंद असलं तरी भिंतीचं बटन चालू असेल तर घड्याळाला एसएमपीएसमधून वीज मिळते. आमच्याकडे रात्री सगळी बटनं बंद करायची शिस्त, त्यात लाइनही जाते. म्हणजे सगळा भार सेलवर. सेल संपला की घड्याळ शून्यापासून सुरू. आणि साइटचं प्रमाणपत्र २०२४ चं, मशिन म्हणतंय आज २०१२ आहे. ब्राउझर बिचारा म्हणणारच की हे प्रमाणपत्र अजून जन्माला यायचंय. चाळीस शेतकऱ्यांचा विमा चाळीस रुपयांच्या सेलपाशी अडला होता!

पण सेल रीस्टार्ट करत नाही. त्यासाठी एसएमपीएस. जाड कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवाय चालू होतो. नुसता चालवला तर पिवळ्या वायरीवर ११.९ व्होल्ट. छान. काका म्हणाले, रिकामी बैलगाडी कोणीही ओढते, वजन टाका. डिस्क आणि दोन पंखे जोडले. १०.६. नियमाप्रमाणे १२ व्होल्टची वायर ११.४ च्या खाली उतरता कामा नये. काकांनी एसएमपीएसचं झाकण काढलं (हे तुम्ही घरी करू नका. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. काकांनी आधी बल्ब लावून तो रिकामा केला.) आणि आत तीन कपॅसिटर डोकं फुगवून बसलेले.

राहता राहिली काळी स्क्रीन. ती तर सगळ्यात सोपी निघाली. रॅमची पट्टी काढली, दादाच्या पोरीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन सोनेरी दात हलक्या हाताने पुसले, खाच ब्रशने साफ केली, पट्टी परत बसवली. काकांच्या दुकानातून मागवलेला एसएमपीएस लावला. स्क्रू ड्रायव्हरने बोर्डाच्या दोन पिना क्षणभर टेकवल्या. टिक, एक बीप, आणि स्क्रीनवर अक्षरं.

दुपारचे सव्वातीन वाजले होते. एसएमपीएस ११५० रुपये, सेल ४० रुपये, खोडरबर परत कंपासपेटीत. काकांनी स्वतःचे दोनशे घेतले, तेही दादाने बळेच खिशात घातले म्हणून. रांगेतली माणसं झाडाखाली जाऊन बसली होती, ती उठून आली. त्या रात्री आम्ही अडीच वाजेपर्यंत फॉर्म भरले.

जाता जाता काका मला म्हणाले, "बोर्ड सगळ्यात शेवटी मरते बापू. त्याच्या आधी चार जण मरते, अन् नाव बोर्डाचं होते."

पुण्याला परतल्यावर मी फुगलेल्या कपॅसिटरबद्दल वाचत बसलो. त्यात एक इतिहास आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभरचे मदरबोर्ड असेच फुगून मेले. आतलं रसायन सदोष होतं, ते गॅस तयार करायचं, डब्याच्या डोक्यावर मुद्दाम पाडलेली फुलीची खाच उकलायची आणि तपकिरी रस बाहेर. डेल कंपनीने २००५ मध्ये फक्त यापायी ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते. तेव्हाचे रसायन आता नाही, चांगल्या बोर्डांवर घट्ट पॉलिमरचे कपॅसिटर येतात. पण स्वस्त एसएमपीएसमध्ये पातळ रसाचेच असतात, आणि त्यांचा एक ढोबळ नियम आहे : तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. पुण्यात कॅबिनेटच्या आत ४५ अंश धरा, मानोऱ्याला मे महिन्यात ५५ सहज. म्हणजे त्याच पैशात घेतलेली तीच वस्तू आमच्याकडे निम्मी जगते. हे कोणत्याही रिव्ह्यूमध्ये लिहिलेलं नसतं, कारण रिव्ह्यू लिहिणारा एसीत बसलेला असतो.

आमच्या धंद्यात एक वचन फार चालतं : सर्व्हरला पाळीव कुत्र्या-मांजरासारखं वागवू नका, गुरांसारखं वागवा. म्हणजे नाव ठेवू नका, नंबर द्या, आजारी पडला की मारून टाका आणि दुसरा आणा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मान डोलावली होती. आता वाटतं, हे म्हणणाऱ्याने आयुष्यात गुरं पाळलेली नसणार! आमच्याकडे बैलाला नाव असतं. तो आजारी पडला तर रात्री दोन वाजता डॉक्टरला उठवतात. पोळ्याला त्याची खांदेमळणी होते, दुसऱ्या दिवशी नैवेद्य त्याला आधी. गुरांसारखंच वागवायचं असेल तर आमच्यासारखं वागवा ना बावा.

अर्थात डेटा सेंटरमध्ये ते वचन बरोबरच आहे, तिथे दहा हजार मशिनं आहेत. चूक होते ती तेच डोकं घेऊन आपण एकुलत्या एका मशिनपाशी येतो तेव्हा. दादाकडे मशिन एकच आहे.

आता कुणी म्हणेल, हा जुन्याच्या प्रेमात पडलाय. नाही हो. बोर्ड खरंच मरतात. पहिल्या वळवात वीज कडाडून लॅनच्या केबलमधून आत शिरली तर काही उरत नाही. प्रोसेसरच्या सॉकेटातल्या केसासारख्या पिना वाकल्या तर माझ्या हाताने तरी सरळ होत नाहीत. बायोस अपडेट करताना लाइन गेली तरी खेळ खलास. हे मी स्वानुभवाने सांगतो, हॉस्टेलवर एका मित्राचा बोर्ड मी असाच झोपवला होता. त्याची आठ पायांची चिप बाहेरून प्रोग्रॅमर लावून परत लिहिता येते हे नंतर कळलं, तोवर मित्राने नवा बोर्ड घेतला होता आणि माझ्याशी बोलणं सोडलं होतं. म्हणून दादाच्या मशिनमध्ये जुना तिसऱ्या पिढीचा आय५ टाकायचा ठरला (एच६१ ला त्यासाठी बहुतेकदा बायोस अपडेट लागतो), तेव्हा मी आधी इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज होऊ दिली.

अपग्रेडबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही, तरी सांगतो. पहिला पैसा अर्थिंगला, दुसरा चांगल्या एसएमपीएसला, तिसरा एसएसडीला. एच६१ वर साटाचा जुना, अर्ध्या वेगाचा मार्ग असला तरी फिरत्या डिस्कच्या मानाने फरक जमीन-अस्मानाचा. मग रॅम. प्रोसेसर शेवटी. आणि दिवे लागणारे पंखे कधीच नाहीत.

खरा राग मला येतो तो वेगळ्या मरणाचा. बोर्ड चालतोय, प्रोसेसर चालतोय, आणि तरी कुणीतरी लांबून सांगतं की तुमचं मशिन संपलं. २०१७ मध्ये इंटेलने आठव्या पिढीला तोच ११५१ पिनांचा सॉकेट ठेवला, पण जुने बोर्ड चालणार नाहीत म्हणून सांगितलं. त्याच वर्षी रायझेनबरोबर आलेल्या एएमडीच्या एएम४ बोर्डांना मात्र २०२२ मध्ये बायोस अपडेट देऊन रायझेन ५००० चालू करता आले. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तुम्ही म्हणाल लिनक्स टाक. माझ्या लॅपटॉपवर आहेच. पण दादाच्या अंगठ्याच्या मशिनचा ड्रायव्हर विंडोजवरच चालतो, आणि अंगठा उठला नाही तर केंद्र बंद. पाल, धूळ, उन्हाळा आणि फुगलेले कपॅसिटर यांच्या तावडीतून काकांनी सोडवलेला बोर्ड एका तारखेने मारायचा, हे काही मला पटत नाही. त्यावर एकदा स्वतंत्र लिहीन.

अर्थिंगचं राहिलंच. दिवाळीच्या सुटीत केंद्रामागे खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ, तिसरी वायर भिंतीतून आत. काकांचा बल्ब आता तिथेही लख्ख लागतो. पण आमची जमीन काळी. पावसात ती पाइपाला घट्ट धरते, उन्हाळ्यात वाळून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाइप सोडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्यामुळे मार्च ते जून त्या खड्ड्यात दर दोन-तीन दिवसांनी पाणी टाकावं लागतं.

गेल्या मे महिन्यात मी घरी होतो. संध्याकाळी दादा बादली घेऊन मागे गेला. पाण्याची आधीच बोंब, आजी ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "काय लावलं रे तिथी? दोन वर्षं झाले पाणी घालतं, एक पान नाही आलं."